वरची ओळ

हरिदास पोस्टमास्तरांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही पत्र अडवलं नाही. त्यांच्या मुलानं, श्रीनिवासनं, तीन वर्षांत लाखावर पत्रं अडवली. त्यातली पाच अडवायची नव्हती. गोष्ट एवढीच, पण ती सांगताना जीभ जड होते, म्हणून पहिल्यापासून सांगितलेली बरी.

पुलगावच्या पोस्टात त्या काळी एक पीडा असायची. कुणीतरी रिकामटेकडा पोस्टकार्ड धाडायचा: हे पत्र मिळताच देवाच्या नावानं अकरा जणांना लिहा, लिहिणाऱ्याला लॉटरी लागली, फाडणाऱ्याचा बैल मेला. भित्री माणसं अकरा-अकरा कार्डं लिहीत सुटायची आणि पोस्टमनच्या पिशव्या फुगायच्या. एकदा एका पोस्टमननं वैतागून, ही कार्डं चुलीत घालू का, असं विचारलं, तर हरिदासजी भडकले. "आपलं काम पोचवाचं. चांगलं का वाईट, थे घेणारा पाहीन. तू कोन ठरवनारा?"

स्वतः ते पक्के गजाननभक्त. घरात कुठल्याही कागदाची पहिली ओळ ठरलेली: श्री गजानन प्रसन्न. पत्र असो, किराण्याची यादी असो, नाही तर पोरांचा गृहपाठ. शरयू आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा श्रीनिवास, दोघांचीही बोटं त्या ओळीवाचून पुढं सरकायची नाहीत. "वरची ओळ कवाच कोरी ठेवाची नाई," हरिदासजी सांगायचे. "ज्या पत्रावर देवाचं नाव नाई, थे मयताचं पत्र. मी हातात घेतल्याबरोबर ओयखतो, आन बाकीची टपाल ठेवून थे पहिले देऊन येतो."

दोन हजार साली ते स्वतःच गेले. नातेवाइकांना कळवायची कार्डं श्रीनिवासनं लिहिली. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर सवयीनं पेन टेकायचं आणि तो ते उचलून घ्यायचा.

तोवर तो वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरचा माणूस म्हणून लागला होता. कॉलेजात एसी असलेली खोली एकच, आणि तीही साहेबांची नव्हे, सर्व्हरची. टेबलावर एक पांढरट डबा घुंऽऽ करत बसायचा आणि कॉलेजातल्या हजार-बाराशे माणसांचे मेल त्यातून यायचे-जायचे. या खोलीची झाडलोट तानबा नावाचा म्हातारा शिपाई करायचा. चपला बाहेर काढून तो आत यायचा, आणि श्रीनिवासलाही काढायला लावायचा.

दोन हजार एकमध्ये या डब्यानं श्रीनिवासचं नाक कापलं. झालं असं, की बाहेरच्या कुणाचेही मेल पुढं ढकलायची मोकळीक त्यात चुकून उघडी राहिली होती. जगाच्या पाठीवरच्या कुठल्याशा भामट्यांना तिचा वास लागला आणि त्यांनी आठवडाभरात गोळ्या-औषधांच्या लाखो जाहिराती या कॉलेजच्या नावानं साऱ्या दुनियेत वाटल्या. मेलच्या जगात अशांची काळी यादी असते. एकदा तीत नाव गेलं, की तुमचं पत्र कुणी दारात उभं करत नाही. पुण्याच्या कंपन्यांना पाठवलेले पोरांच्या नोकरीचे अर्ज पटापट परत येऊ लागले. डायरेक्टरसाहेबांनी सगळ्या स्टाफसमोर हात जोडले आणि म्हणाले, "वा! पूरी दुनिया में कॉलेज का नाम रोशन कर दिया आपने." लोक हसले. हसण्यासारखं होतंच, पण श्रीनिवासला ते हसू फार लागलं.

यादीतून नाव निघायला दोन महिने गेले. त्यानंतर हा गडी बदलला. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला. जगभरच्या काळ्या याद्या त्यानं आपल्या सर्व्हरला जोडल्या. मेल दारात आला, की तो आणणाऱ्या मशीनचं नाव आधी यादीत पाहायचं. मग मेलची वरची ओळ, म्हणजे विषय, वाचायची आणि तीत ठरावीक शब्द सापडले, की मेल बाद. बाद केलेला मेल पाठवणाऱ्याला परत करायची सोय होती. पण भामटे पाठवणाऱ्याचं नाव खोटंच घालतात, परत केलेला मेल भलत्याच्याच डोक्यावर जाऊन पडतो. म्हणून श्रीनिवासनं ठरवलं, परत करायचं नाही. गिळून टाकायचं, ढेकरही द्यायचा नाही.

तानबाला हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "पन सर, एखांदं चांगलं पत्र बी जात असन ना त्याच्यात?"

"सुक्यासंगं ओलंही जळते तानबा," श्रीनिवास म्हणाला. "त्याले काई इलाज नाई."

दोन हजार दोनच्या दिवाळीत शरयू भाऊबीजेला माहेरी आली. तिला राजनांदगावला दिलेलं होतं, कापडाचं दुकान असलेल्या घरात. दुपारी आई झोपली होती. मेथी निवडता निवडता शरयू खाली बघत श्रीनिवासला म्हणाली, "हात उचलतात आजकाल."

"कोन? धीरजराव?"

"हळू बोल. आईले समजलं तं तिचं हार्ट आहे." तिनं काडी मोडली. "दुकानात खोट आली, का माह्यावर काढतात. सासूबाई दुसऱ्या खोलीत रेडिओ मोठा करतात."

"मंग जाऊच नको परत. चाल, मी सांगतो आईले."

"एकदम असं कसं रे बाल्या? पाहते अजून काई दिवस. सुधरलं तं सुधरलं."

खरी अडचण पुढं होती. सुधरलं नाही, तर ती कळवणार कसं? घरच्या फोनला कुलूप. आलेलं आणि जाणारं प्रत्येक पत्र सासू, शकुंतलाबाई, फोडून मोठ्यानं वाचून दाखवायच्या. एसटीडी बूथ नवऱ्याच्या, धीरजरावांच्या, दुकानाला लागूनच. फक्त गुरुवारी शकुंतलाबाई भजनाला जात, तेवढा तास-दीड तास शरयूचा. गल्लीच्या टोकाला एक सायबर कॅफे निघाला होता, तिथं बाया-पोरी जात.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास तिला कॉलेजात घेऊन गेला. सुट्टी होती, लॅब रिकामी. त्यानं तिला फुकटातलं एक खातं उघडून दिलं, पाठवलेल्या पत्राची प्रत मागं राहू नये अशी सोय केली आणि आपला कॉलेजचा पत्ता पाठ करायला लावला. "हे पत्र कोनी फोडू शकत नाई ताई. थेट माह्या मशीनवर येते. मधात कोनीच नाई."

शरयूनं पडद्यावरच्या सगळ्यात वरच्या चौकोनात एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधत टाइप केलं: श्री गजानन प्रसन्न.

"अवं, तिथं विषय लिहाचा असते!"

"विषय खाली लिहीन ना. वरची ओळ थे वरची ओळ."

श्रीनिवास खो-खो हसला. मेल शेजारच्या मशीनवर पोचला, तेव्हा दोघंही लहान पोरांसारखी टाळ्या वाजवायला लागली. मग तो गंभीर झाला. "एक ओळ लिही. मी त्याच राती गाडीत बसतो. सकायी राजनांदगावले."

"नक्की?"

"बाबाची शप्पथ."

त्या भरवशावर ती परत गेली. हे नीट ध्यानात ठेवायला हवं. माहेरचा दरवाजा उघडा आहे, एका ओळीच्या अंतरावर आहे, एवढ्याच आधारावर ती त्या घरात पुन्हा शिरली.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये हरिदासजींच्या काळातली पीडा नव्या कपड्यात परत आली. पोस्टकार्डांच्या जागी मेल, आणि अकराच्या जागी एकवीस माणसं. विषय: श्री गजानन प्रसन्न. खाली मजकूर: जाम गावच्या चौकातल्या एका ढाबेवाल्यानं हा मेल पुसून टाकला, तिसऱ्या दिवशी त्याच्या ढाब्यात ट्रक घुसला. इंजिनिअर होऊ घातलेली पोरं, परीक्षा तोंडावर, कोण कशाला धोका पत्करतंय? जो तो एकवीस जणांना पाठवू लागला. दोन दिवसांत सर्व्हर धापा टाकायला लागला. डायरेक्टरसाहेबांचा फोन आला, "फिर से शुरू?"

श्रीनिवासच्या कानात ते जुनं हसू घुमलं. त्यानं बसल्या बैठकीत नियम लिहिला: वरच्या ओळीत 'प्रसन्न' दिसलं, की मेल गिळायचा. दुसऱ्याच दिवशी प्रसन्न नावाचे एक लेक्चरर तणतणत आले, त्यांच्या रजेच्या अर्जाचा मेल कुठं गेला म्हणून. ते समोरच्याच खोलीत बसायचे, त्यांना तणतणत येणं सोपं होतं. श्रीनिवासनं माफी मागितली आणि नियम नेमका केला. आता एकटं 'प्रसन्न' चालेल; 'श्री गजानन प्रसन्न' अशी अख्खी ओळ असेल, तरच बाद.

अख्खी ओळ लिहिताना त्याला बाप आठवला नसेल का? आठवला. पोस्टमास्तर असते तर रागावले असते, असंही मनात आलं. बहीण मात्र आठवली नाही. सात महिन्यांपूर्वी तिला तीच ओळ टाइप करताना पाहून पोट धरून हसलेला माणूस, पण त्या वेळी डोळ्यासमोर फक्त साहेब होते. काय म्हणावं या विसरण्याला? चूक म्हणावी तर फार लहान दिसते.

शरयूचा मेल काही येत नव्हता. आई विचारायची, "शरूचं काई समजलं का रे?" हा म्हणायचा, "बरी असन. काई असतं तं लिवलं असतं तिनं." पंधरा दिवसांनी फोन करायचा, शकुंतलाबाई फोन उचलायच्या, शरयूच्या हाती द्यायच्या आणि शेजारीच उभ्या राहायच्या. शरयू "हो" म्हणायची, "बरी आहे" म्हणायची. पावसाळ्यानंतर नुसतं "हं" म्हणायला लागली. साऱ्या कॉलेजचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या या गृहस्थाला सख्ख्या बहिणीला आपणहून एक ओळ लिहावी, असं कधी वाटलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही.

जानेवारीत आई गेली. शरयू सासूबरोबर तेराव्याला आली आणि दुसऱ्या दिवशी निघाली. श्रीनिवासकडे तिनं मान वर करून पाहिलं नाही. उंबऱ्यात चप्पल घालताना म्हणाली, "आता या घरात माह्यं कोनी नाई." भोवतालच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. आई गेलेली मुलगी असंच बोलते, असं श्रीनिवासलाही वाटलं.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये कॉलेज तपासायला दिल्लीहून समिती येणार होती. साहेबांनी श्रीनिवासला बोलावलं. आता ते त्याच्यावर खूश असत. "आपल्या सर्व्हरनं किती कचरा अडवला, त्याचा आकडा द्या. इम्प्रेशन पडतं."

श्रीनिवास सर्व्हरची रोजची नोंद सीडीवर उतरवून ठेवायचा. अडवलेला मेल उरत नसे. उरायची फक्त त्याची एक ओळ: तारीख, वेळ, कुणाकडून, कुणाला, विषय काय. त्यानं साऱ्या ओळी एकत्र केल्या. एक लाख ब्याण्णव हजार. आकडा बघून त्याची छाती फुगली. प्रत्येक नियमानं कुणाकुणाला अडवलं, याचीही यादी काढावी म्हणून त्यानं गजाननाचा नियम घेतला. शेकडो अनोळखी पत्ते पडद्यावरून सरकत गेले. त्यात एक पत्ता त्यानं स्वतः बनवून दिलेला होता.

पाच ओळी. सतरा जुलै, एकवीस ऑगस्ट, पंचवीस सप्टेंबर, सहा नोव्हेंबर, सात नोव्हेंबर. त्यानं कॅलेंडर काढून पाहिलं. पहिले चार गुरुवार होते, वेळ अकरा ते साडेअकराची. शेवटचा शुक्रवार, दुपारी साडेबारा. प्रत्येकीत कुणाला, तर त्यालाच. प्रत्येकीत विषय तोच. पुढं सर्व्हरचा शब्द: टाकून दिला.

तानबा झाडू घेऊन आला, तर सर जमिनीवर बसलेले. पायात चपला तशाच.

त्याच रात्री श्रीनिवास गाडीत बसला. सोळा महिने उशिरा.

शकुंतलाबाईंनी चहा दिला, खारी दिली. शरयू वाळली होती, पण घरात सहज वावरत होती. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला होता. "मी याले स्टेशनवर सोडून येते," ती म्हणाली, आणि सासू "हो, जा ना" म्हणाली.

प्लॅटफॉर्मवर ती सरळ एका सिमेंटच्या बाकाकडे गेली आणि बसली. "आता काऊन आला?"

त्यानं सांगितलं. काळी यादी, साखळीचे मेल, साहेबांचा फोन, नियम, सगळं. बोलताना त्याला स्वतःचीच किळस येत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माह्यं पत्र तुह्या दारापर्यंत आलतं?"

"हो."

"आन तू बसवलेल्या राखनदारानं देवाचं नाव पाहून फेकून देलं."

"हो ताई."

ती रुळांकडे पाहत राहिली. "याच बाकावर बसली होती मी. सहा तारखेले लिवलं, का उद्या ये, मी बॅग घेऊन स्टेशनवरच राहीन. सातले गाडी आली. सगळे लोकं उतरून गेले तरी मी डब्याइकडे पाहत होती. मंग वाटलं, तू पत्र उशिरा वाचलं असन. म्हनून कॅफेत जाऊन पुन्हा लिवलं, का मी इथंच आहो. रात इथंच काढली. आठचीही गाडी पाह्यली. संध्याकायी हे आले न्याले. रस्त्यानं काईच बोलले नाई. घरी गेल्यावर सासूबाईसमोर म्हनले, हिच्या भावालेही ही नको."

"अजूनही मारतात?"

"नाई आता." तिनं किल्ल्या मुठीत धरल्या. "काऊन मारतीन? मी कुठं जानार आहो?"

श्रीनिवास रडायला लागला. भर प्लॅटफॉर्मवर, तोंड झाकायचंही त्याला सुचलं नाही. "चाल ताई. आत्ता चाल. जशी आहे तशी."

"तवा मले भाऊ आहे म्हनून मी निघाली होती. आता मले भाऊ नाई असं समजून राहाले शिकली. लय दिवस लागले शिकाले. आता पुन्हा उलटं शिकनं माह्यानं होत नाई." मग राग नसलेल्या आवाजात ती म्हणाली, "बाबा असते तं पोचलं असतं."

"काय लिवलं होतं त्या पत्रात? पहिल्या तीनमधी?"

गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती. तिनं मान हलवली. ते तिनं सांगितलं नाही, आणि आता ते जगात कुठंच लिहिलेलं नाही.

परत येऊन श्रीनिवासनं तो नियम पुसला. समितीपुढं आकडा ठेवला नाही, त्याबद्दल साहेबांची बोलणी खाल्ली. देवाच्या नावाचे मेल पुन्हा वाहायला लागले, आणि हा रोज सकाळी आल्या आल्या आपल्या नावावर आलेला त्यातला एकेक उघडून शेवटपर्यंत वाचू लागला. ढाबेवाला, ट्रक, एकवीस माणसं. पुन्हा ढाबेवाला, ट्रक, एकवीस माणसं. तिला त्यानं सात मेल लिहिले, प्रत्येकाची वरची ओळ तीच ठेवून. उत्तर आलं नाही.

राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कॉलेजची टपाल आली. साऱ्या गठ्ठ्यातून एक पोस्टकार्ड बाजूला काढून तानबा घाईनं वर आला. जुना माणूस, त्याला खुणा कळत होत्या. दारात त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "सर, वरती देवाचं नाव नाई. म्हनून पहिले तुमच्यापाशी आनलं."

अक्षर शरयूचं होतं. उघडं कार्ड, कुणीही वाचावं असं.

'चि. बाल्यास अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. यंदापासून राखी पाठवणार नाही. घ्यायला येऊ नये. शरयू.'

माथ्यावरची जागा कोरी होती. तिथं पेन टेकवून उचलल्याचा शाईचा एक ठिपका तेवढा होता.

"कोन गेलं सर?" तानबानं हळू आवाजात विचारलं.

श्रीनिवासनं कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. टोपी हातात धरून तानबा तसाच उभा होता. श्रीनिवासनं कार्ड उलटवलं आणि पत्त्यातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.